तारा जमिनीत घातल्या, तर हवेचं काम कोण करणार?

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं आणि एका दुपारीत आमच्याकडे सुपारीची आगरं, कौलं, पत्रे आणि विजेचे खांब आडवे झाले. काही वाड्यांमध्ये लाईट यायला कित्येक आठवडे गेले. शेजारचे काका त्या दिवसांत रोज सकाळी गडग्यावर बसायचे आणि मी दिसलो की विचारायचे, "काय रे, पाण्याची लाईन जमिनीखालनं जाते, टेलिफोनची जाते, मग लायटीचीच तार वर कशाला टांगून ठेवलीय? पुरून टाका की एकदाची!"

मी पंधराएक वर्षं केबल टाकण्याच्या कामांवर सुपरवायझर होतो, हे त्यांना माहीत होतं. म्हणूनच विचारायचे. गडग्यावर उभ्याउभ्या द्यायचं ते उत्तर नव्हतं, म्हणून मी दर वेळी "खर्च फार येतो काका" म्हणून सटकायचो. उत्तर खरं होतं, पण अर्धंच. खर्च का येतो, ते आता सांगतो.

खांबावरची ११ केव्हीची, म्हणजे ११,००० व्होल्टची तार नीट बघा. ती उघडी असते. तिच्यावर प्लॅस्टिक नाही, रबर नाही, काही नाही. खांबाला टेकते तिथे तेवढा चिनी मातीचा किंवा पॉलिमरचा इन्सुलेटर. दोन खांबांमध्ये तिला अडवून धरते ती नुसती हवा. हवा वीजरोधक आहे, म्हणून तार रस्त्यापासून सहाएक मीटर उंच टांगली की काम झालं. प्रवाहामुळे तार तापते, ती उष्णता वाऱ्यावर उडून जाते. म्हणजे हवा दोन कामं करते, वीज अडवते आणि तार थंड ठेवते, आणि दोन्हींचं बिल शून्य. तार जमिनीत घातली की ही दोन्ही कामं विकत घ्यावी लागतात. भूमिगत वाहिनीच्या बांधणीत जे काही दिसतं, त्यातलं बहुतेक सगळं या एका गोष्टीतून निघतं.

पहिलं काम, वीज अडवण्याचं. माझ्या टेबलावर ११ केव्ही केबलचा वीतभर तुकडा आहे, कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला. तीन गाभ्यांची, ३०० चौरस मिलिमीटरची केबल. मनगटापेक्षा जाड, आणि एका मीटरचं वजन आठ किलोच्या आसपास. कापलेल्या तोंडाकडे बघितलं की आत तीन गोल दिसतात, तीन फेजचे. प्रत्येक गोलाच्या मध्यावर ॲल्युमिनिअमच्या तारांचा दाबून घट्ट केलेला पीळ. त्याभोवती काळा पातळ थर. मग दुधी पांढरा जाड थर, तो एक्सएलपीई, म्हणजे रेणू एकमेकांत गुंफून पक्कं केलेलं पॉलिथिन. त्यावर पुन्हा काळा थर, आणि त्यावर तांब्याची पट्टी गुंडाळलेली.

या दुधी थराची जाडी भारतीय मानकाप्रमाणे ३.६ मिलिमीटर. वर जे काम काही मीटर हवा करते, ते इथे जाड पुठ्ठ्याएवढा थर करतो, आणि वर्षानुवर्षं, चोवीस तास करतो. म्हणून त्यात हवेचा एक बुडबुडा किंवा धुळीचा एक कण राहिलेलाही चालत नाही. बुडबुड्यात बारीक ठिणग्या पडत राहतात, थर आतून कुरतडला जातो आणि एक दिवस फुटतो.

मग ते दोन काळे थर कशाला? पिळाच्या तारा वरून खडबडीत असतात. जिथे उंचवटा, तिथे विजेचा ताण एकवटतो. अंगण कितीही चोपलं तरी वर शेणाचं सारवण लागतं ना, तसा हा काळा थर. तो थोडीफार वीज वाहू देणारा असतो आणि खडबडीत पृष्ठभाग विजेच्या दृष्टीने गुळगुळीत करतो. बाहेरचा काळा थरही तेच करतो, दुधी थराच्या दुसऱ्या बाजूने. तांब्याची पट्टी अर्थ केलेली असते. केबलच्या आत उभा असलेला सगळा ताण त्या ३.६ मिलिमीटरमध्येच कोंडून ठेवायचा, हे तिचं काम. तीन गोलांवर मिळून एक आवरण, त्यावर जस्त चढवलेल्या लोखंडी पट्ट्यांचं चिलखत, ज्याला साइटवर सगळे आर्मर म्हणतात, आणि सगळ्यांवर बाहेरचं काळं पीव्हीसी. आर्मर मार खाण्यासाठी: दगड, कुदळ, घूस.

दुसरं काम, थंड ठेवण्याचं. एक्सएलपीई केबलचा गाभा सतत ९० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेला चालतो. त्याच्या वर गेला की इन्सुलेशनचं आयुष्य घटतं. म्हणजे केबलमधून किती अँपिअर न्यायचे, हे तारेच्या जाडीइतकंच भोवतालची माती उष्णता किती झटपट ओढून घेते यावर ठरतं. ओली माती चांगली ओढते, सुकी वाईट. आपल्याकडची गंमत बघा. मे महिन्यात पुळणीची वाळू आणि जांभ्याची माती कोरडीठक्क, आणि नेमका त्याच महिन्यात चाकरमानी गावी आलेला, पर्यटक किनाऱ्यावर, लॉजचे एसी चालू. लोड सर्वांत जास्त तेव्हा माती सर्वांत नालायक. म्हणून केबलचा आकार ठरवताना जुलैची माती धरून चालत नाही.

आता चर. केबल टाकण्याची भारतीय संहिता सांगते की लघुदाबाच्या, म्हणजे घरगुती व्होल्टेजच्या, केबलवर निदान ७५ सेंटिमीटर माती हवी, ११ केव्हीवर ९० सेंटिमीटर, आणि २२ किंवा ३३ केव्हीवर १०५. तळाला साडेसात सेंटिमीटर वाळू, त्यावर केबल, तिच्यावर परत वाळू, वाळूवर विटा किंवा सिमेंटच्या फरश्या आडव्या लावायच्या, मग माती, आणि मधेच एक रंगीत प्लॅस्टिकची पट्टी: 'सावधान, खाली विजेची केबल'. वाळू दोन कामांची. दगडाचं टोक केबलला लागू देत नाही आणि सर्व बाजूंनी चिकटून बसते, त्यामुळे उष्णता बाहेर जायला वाट मिळते. फरशी केबल वाचवते असं म्हणतात, पण माझ्या मते ती मुख्यतः खणणाऱ्याला शहाणा करते. कुदळ फरशीवर टण्णकन वाजली की माणूस थांबतो. जेसीबीला कान नसतात, ती अडचण वेगळी.

पुस्तकातला हा चर कोकणात उतरवताना तारांबळ उडते. वरच्या सड्यावर कातळ. दीड-दोन फूट खाली गेलात की ब्रेकर लावल्याशिवाय पुढे सरकत नाही, आणि दिवसभर खणून संध्याकाळी मोजलं तर मजुरांची तोंडं पाहवत नाहीत. खाली पुळणीत उलटं. सकाळी खणलेला चर दुपारपर्यंत दोन्ही अंगांनी ढासळतो, आणि भरतीला तळातून पाणी वर येतं. खाडीकाठच्या खाजणात चिखल. एकाच गावात सडा, वाडी आणि किनारा असे तीन चर, तीन भाव. ठेकेदाराने मात्र निविदेत एकच भाव भरलेला असतो.

वाळूचंही तसंच. समुद्राची रेती हाताशी असते, फुकट दिसते, आणि ती अजिबात वापरायची नसते. तिच्यातलं मीठ आर्मर खातं. नदीची वाळू महाग, म्हणून हल्ली दगडाची क्रश सँड वापरतात. मी स्वतः एका साइटवर रात्रीत आलेली वाळू सकाळी जिभेवर ठेवून बघितली होती. खारट लागली. ट्रॅक्टर परत पाठवला, तर तो चालक आठवडाभर माझ्याशी बोलला नाही.

केबल लाकडी ड्रमवर येते, एका ड्रमवर साधारण अडीचशे ते पाचशे मीटर. ड्रम जॅकवर उचलून फिरवायचा, चरात रोलर ठेवायचे आणि वीस-पंचवीस माणसांनी एका सुरात ओढायची. केबलच्या व्यासाच्या पंधरा पटींपेक्षा आवळून वळवायची नाही, नाहीतर आतल्या थरांना सुरकुती पडते. पाखाडीच्या कोपऱ्यावर, जिथे एका बाजूला गडगा आणि दुसऱ्या बाजूला विहीर, तिथे हा नियम पाळताना काय होतं ते ज्याने केलंय त्यालाच कळतं. जिथे रस्ता फोडायचा नाही किंवा ओढा आडवा येतो, तिथे एचडीडी मशिनने जमिनीखालून आडवं भोक पाडतात, बेंटोनाइट नावाच्या चिकण मातीच्या चिखलाने ते ढासळू देत नाहीत आणि त्यातून जाड प्लॅस्टिकचा पाइप ओढून केबल घालतात.

हे सगळं झालं तरी खरी परीक्षा पुढेच. एक ड्रम संपतो, दुसरा सुरू होतो, मधे जॉइंट. कारखान्यात शुद्ध खोलीत, यंत्राने जे थर चढवले, ते सगळे एका माणसाने रस्त्याकडेच्या खड्ड्यात बसून हाताने परत चढवायचे. भूमिगत वाहिनीचं आयुष्य जॉइंटरच्या हातात असतं, हे मी अतिशयोक्ती न करता सांगतो.

आमच्याबरोबर एक जॉइंटर होते, साठीला टेकलेले. खड्ड्यात गोणपाट अंथरायचे, त्यावर स्वच्छ प्लॅस्टिक, आणि चप्पल वर काढून उतरायचे. आर्मर कापून मागे दुमडायचं, तांब्याची पट्टी मोजून कापायची, मग बाहेरचा काळा थर काढायचा. हे सगळ्यांत नाजूक. चाकू जरा खोल गेला की दुधी थरावर चरा, आणि त्या चऱ्यात उद्याचा फॉल्ट. ते शेवटचा पातळ थर फुटक्या काचेच्या तुकड्याने खरवडायचे, जुन्या जॉइंटरांची पद्धत. मग बारीक पॉलिश पेपर, मग द्रावणात भिजवलेला रुमाल. रुमाल नेहमी दुधी थराकडून काळ्याकडे फिरवायचा, उलटा कधी नाही, नाहीतर काळ्या थरातला कार्बन दुधी थरावर ओढला जातो आणि विजेला पायवाट मिळते. एकदा मी मदत म्हणून उलटा फिरवला. त्यांनी काही न बोलता रुमाल माझ्या हातातून घेतला, फेकला आणि नवा काढला.

त्यानंतर दोन्ही टोकं धातूच्या नळीत घालून दाबायची, तिच्यावर एकेक नळ्या सरकवून गॅसच्या बत्तीने आकसवायच्या. ज्योत मधून कडेकडे न्यायची, म्हणजे आतली हवा बाहेर पडते. यातली एक नळी विजेचा ताण सावकाश पसरवणारी असते. काळा थर जिथे कापला तिथे ताण एकदम उसळतो, त्याला उतार करून देणारी. शेवटी आर्मर आणि पट्टी दोन्ही बाजूंनी जोडून अर्थ अखंड करायचा आणि बाहेरचं जाड आवरण.

पाऊस पडत असताना जॉइंट करायचा नाही हा नियम. एका जुलैमध्ये, गणपतीआधी लाईन चालू करायचीच म्हणून वरून दबाव आला आणि ताडपत्रीखाली जॉइंट झाला. ते जॉइंटर त्या दिवशी रजेवर होते. टेस्टिंगला पास झाला. पुढच्या पावसाळ्यानंतर, सप्टेंबरात फुटला. उघडला तर आत ओल आणि इन्सुलेशनवर झाडाच्या मुळांसारख्या काळपट रेषा. ओल आणि विजेचा ताण एकत्र आले की एक्सएलपीईच्या आतही फांद्या फुटल्यासारख्या बारीक चिरा वाढत जातात. केबलवाले त्यांना पाण्याची झाडंच म्हणतात. म्हणूनच केबलचं कापलेलं टोक एक रात्रही उघडं ठेवत नाहीत, टोपी चढवतात. टोक एकदा पाणी प्यायलं की ते तारांच्या पिळातून कित्येक मीटर आत जातं.

आता वीज घरापर्यंत कशी येते ते. उपकेंद्रातून निघालेली ११ किंवा २२ केव्हीची केबल रस्त्याकडेच्या एका लोखंडी कपाटात शिरते. हे आरएमयू, म्हणजे रिंग मेन युनिट. आत वायू भरलेल्या बंद टाकीत स्विच असतात: एक वीज आत घेणारा, एक पुढच्या कपाटाकडे पाठवणारा, एक रोहित्राकडे, म्हणजे ट्रान्सफॉर्मरकडे. खांबावरची डीपी आपल्याला माहीत असते, इथे रोहित्र ओट्यावर बसतं, कधी कपाटासकट एकाच पेटीत. रोहित्र व्होल्टेज उतरवतं. २०० केव्हीएच्या रोहित्राला ११ केव्हीच्या बाजूने फक्त साडेदहा अँपिअर लागतात, पण खाली ४३३ व्होल्टला तेच २६७ होतात. म्हणून रोहित्रापुढच्या लघुदाबाच्या केबली जाड ठेवाव्या लागतात आणि लांब नेता येत नाहीत. त्या फीडर पिलरमध्ये, म्हणजे वीज वाटणाऱ्या पेटीत, जातात, तिथून गल्लीतल्या छोट्या मिनी पिलरमध्ये, आणि तिथून तुमच्या मीटरला.

आरएमयूंना 'रिंग' का म्हणतात, यात बांधणीचं अर्धं शहाणपण आहे. सगळी कपाटं एका माळेत ओवलेली, आणि माळेची दोन्ही टोकं वीज देणाऱ्या जागी जोडलेली. मधे एके ठिकाणी स्विच मुद्दाम उघडा, म्हणजे तोडलेला, ठेवतात. दोन कपाटांमधली केबल फुटली की तिच्या दोन्ही बाजूंचे स्विच तोडायचे, मधला उघडा ठेवलेला जोडायचा, आणि राहिलेल्या सगळ्यांना दुसऱ्या बाजूने वीज. फुटलेला तुकडा मग सवडीने दुरुस्त करा. हे चैनीसाठी नाही. खांबावर झावळ पडली तर बहुतेक वेळा ती खाली गळते आणि लाईन परत चालू करता येते. केबलचा फॉल्ट आपोआप कधीच सुटत नाही, आणि तो डोळ्यांना दिसतही नाही. रिंग न करता एकेरी केबल टाकायची म्हणजे वादळात सुटायचं आणि साध्या फॉल्टला दोन दिवस अंधारात बसायचं.

फॉल्ट शोधतात कसा? आधी केबल बंद करून डिस्चार्ज करायची, कारण बंद केल्यावरही ती वीज धरून ठेवते. मग मेगरने, म्हणजे इन्सुलेशन तपासायच्या मीटरने, कुठला फेज गेला ते बघायचं. मग एक सूक्ष्म पल्स सोडायचा आणि प्रतिध्वनी मोजायचा. एक्सएलपीईतून पल्स एका मायक्रोसेकंदात साधारण १६० ते १७० मीटर जातो. जाऊन-येऊन सहा मायक्रोसेकंद लागले तर फॉल्ट पाचशे मीटरच्या आसपास. हे झालं अंतर, खड्ड्याची जागा नाही. त्यासाठी थंपर. तो ठरावीक वेळाने जोरदार दाबाचा झटका केबलमध्ये सोडतो आणि फुटलेल्या जागी जमिनीखाली 'ढप्प' होतं. रस्त्यावर माईक लावून माणूस ऐकत चालतो, शक्यतो रात्री. लाटा आणि कुत्री गप्प असतील तर लवकर सापडतो.

आपल्या किनाऱ्यावर या सगळ्याचा फायदा वादळापुरता नाही. खारा वारा वर्षभर इन्सुलेटरवर मिठाचा थर चढवतो, आणि वळवाची पहिली हलकी सर आली की ते मीठ ओलं होऊन वीज वाहू लागतं. धो-धो पाऊस ते धुऊन टाकतो, पण तो येईपर्यंत लाईट जाते. केबलला हा त्रास नाही. मात्र जमिनीवरच्या पेट्यांना पुराचा आहे. जुलै २०२१ मध्ये चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी काही भागांत पहिल्या मजल्याला लागलं होतं. अशा ठिकाणी आरएमयू आणि रोहित्राचा ओटा पुराच्या खुणेच्या वर बांधावा लागतो, मग तो कितीही विचित्र दिसो. अर्थिंगचंही दोन टोकांचं दुखणं: सड्यावर कातळ कोरडा, अर्थ लागतच नाही, आणि किनाऱ्यावर अर्थ झकास लागतो, पण इलेक्ट्रोड गंजून जातो.

मग सगळीकडे पुरून टाकायचं का? माझं मत, नाही. चक्रीवादळ धोका कमी करण्याच्या राष्ट्रीय प्रकल्पातून, जागतिक बँकेच्या साहाय्याने, अलिबागेत भूमिगत वाहिन्यांचं काम हाती घेतलं गेलं, ते योग्यच. दाट वस्ती, रुग्णालय, पाणीपुरवठ्याचे पंप, बाजारपेठ यांच्यासाठी खर्च फिटतो. दोन किलोमीटरवरच्या दहा घरांच्या वाडीसाठी कातळ फोडत जाणं फिटत नाही. तिथे आवरण असलेल्या, एकत्र पिळलेल्या एरियल बंच केबल खांबावरून नेल्या तरी झावळीचा त्रास पुष्कळ कमी होतो. आणि जिथे पर्यायच नाही तिथे समुद्राखालूनही जातात. मुंबईसमोरच्या घारापुरीला फेब्रुवारी २०१८ मध्ये साडेसात किलोमीटरच्या सागरी केबलने वीज मिळाली, तोवर त्या बेटावर संध्याकाळचे काही तास जनरेटर.

यंदा आमच्या पाखाडीतही लघुदाबाची केबल पुरली. फरश्या, पट्टी, सगळं माझ्या डोळ्यांदेखत. पावसाच्या तोंडावर काका परत गडग्यावर.

"काय रे, इथे कडेला एक माड लावतो. चालेल ना?"

"मुळांचं फारसं काही नाही काका, माडाची मुळं बारीक असतात. खड्डा किती खणणार?"

"नेहमीचा. मीटरभर लांब, मीटरभर रुंद, मीटरभर खोल."

"आणि केबल पाऊण मीटरवर आहे."

काकांनी पायाने जमीन दोनदा ठोकली, चुना लावल्यासारखा एक ठिपका मनाशी धरला, आणि सहा पावलं मोजत विहिरीच्या बाजूला गेले. "हितं?"

"तिथे लावा."